डावीकडची तबकडी

बाजारात हुरडा दिसायला लागला की मला मोटारीचा वास येतो. परवा शेजारच्या बाईंना हे सांगितलं, तर त्या माझ्याकडे जरा काळजीनंच बघायला लागल्या. वय झालेली बाई असं काही बोलली की लोक आधी तिच्या डोक्याची चौकशी करतात. म्हणून मी विषय बदलला, पाव किलो हुरडा घेतला आणि घरी आले. संगमनेरच्या या घरात मी आता एकटीच असते. एकटीसाठी हुरडा भाजायचा म्हणजे नसता खटाटोप. तव्यावर टाकला, जरासा करपला, आणि त्या वासामागोमाग तापलेलं कातडं, पेट्रोल, बाबांच्या औषधाच्या पेटीतलं कार्बोलिक असे सगळे वास स्वैपाकघरात येऊन उभे राहिले. हुरडा तसाच झाकून ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसले.

तो एक हिवाळा दर वर्षी असा येतो. बाकीचे हिवाळे कुठे गेले मला आठवत नाही.

बाबा नगरात डॉक्टर होते. दवाखाना गावात, पण रोगी बाहेरचे. कर्जत, मिरजगावकडून माणसं बैलगाडीत घालून आणायची म्हणजे दिवस जायचा, आणि तोवर रोग थांबत नसे. म्हणून बाबाच तिकडे जायचे, कधी टांग्यानं, कधी कुणाच्या तरी मालमोटारीत बसून. लढाई सुरू झाली आणि कॅम्पातले साहेबलोक एकेक करून आफ्रिकेकडे निघाले. जाताना ते आपलं सामान लिलावात काढीत. अशाच एका लिलावाला बाबा औषधांसाठी काचेचं कपाट आणायला गेले आणि मोटार घेऊन आले. कपाट दुसऱ्याच कुणी नेलं म्हणे.

मोटार कसली, खेळणंच ते! बाटलीसारखा हिरवा रंग, लांब नाक, नाकावर अष्टकोनी बिल्ला, तारांच्या आऱ्यांची उंच बारीक चाकं, आणि मागे दप्तर अडकवल्यासारखी पेट्रोलची चपटी टाकी. वर छप्पर म्हणजे नुसतं कापड, तेही बहुतेक वेळा मागे गुंडाळलेलं. विलायतेत हौशी तरुणांनी शर्यती लावायच्या त्या जातीची गाडी. तीत बसून आमचे बाबा विषमज्वर आणि अडलेल्या बाळंतिणी बघायला जाणार! आळीतले वकीलकाका गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, “डॉक्टर, यात पेशंट कुठं घालायचा?”

“पेशंट घरीच राहील,” बाबा म्हणाले. “जायचंय मला.”

गाडीला जागा दोनच होत्या. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघंच होतो. सगळी आळी हसत होती, पण मला त्या दोन जागा पाहून फार बरं वाटलं. चार जागांची गाडी आणली असती तर त्यातल्या दोन रोज रिकाम्या दिसल्या असत्या.

त्या गाडीत एक गंमत होती. समोरच्या फळीवर दोन मोठ्या तबकड्या. हाकणाऱ्याच्या पुढ्यात जी होती ती इंजिनाचे फेरे दाखवायची. वेग दाखवणारी तबकडी होती डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या पुढ्यात. बाबांचं म्हणणं, हाकणाऱ्यानं इंजिनाची नाडी बघायची आणि वेगाची काळजी शेजारच्यानं करायची, असं साहेबाच्या मनात असणार. मला वाटायचं, साहेबाची बायको शेजारी बसून घाबरत असेल. तिला आकडा दिसावा आणि तिनं वेळेवर ओरडावं म्हणून केलेली ती सोय असेल.

पहिल्याच फेरीला मिरजगावच्या रस्त्यावर बाबांनी गाडी अशी काही सोडली की पाठीमागे ठेवलेल्या मिक्श्चरच्या बाटल्या फुटल्या आणि खोकल्याचं औषध माझ्या पाठीवरून खाली ओघळलं. घरी येऊन मी वेणी तीनदा धुतली तरी मुंग्या लागायच्या राहिल्या नाहीत. तेव्हापासून ठरलं, पस्तीस मैलांच्या वर जायचं नाही. पण पस्तीस झाले हे बाबांना दिसणार कसं? तिकडे मान वळवून बघावं तर रस्त्यातली म्हैस चुकायची नाही. ते काम माझ्याकडे आलं.

“किती?”

“एकतीस.”

“चल.”

मग बाभळीच्या दोन रांगा मागे जायच्या, पूल जायचा.

“किती?”

“सदतीस! बाबा, सदतीस झाले!”

“बरं, बरं. ओरडू नकोस. तिला ऐकू जातं.”

तिला म्हणजे गाडीला. आई गेल्यावर बाबांचं बोलणं फार कमी झालं होतं. जेवताना ते मीठसुद्धा खुणेनं मागायचे. मला आईविषयी बोलायचं असायचं, तिनं केलेल्या मेथकुटाविषयी, तिच्या हसण्याविषयी, काहीही चाललं असतं. पण बाबांनी ते सगळं आत ठेवून वर बूच लावलं होतं. ते बोलायचे फक्त गाडीत, आणि तेही ‘किती’ एवढंच. मी आकडा सांगायची. इतरांच्या घरी बापलेकी काय बोलतात मला ठाऊक नव्हतं. आमचं एवढ्यावर चालायचं, आणि मला ते पुरतही होतं.

गाडी इतकी अरुंद की माझं उजवं कोपर आणि बाबांचं डावं कोपर एकमेकांना लागलेलंच असे. गियर बदलताना ते मला हमखास ढोसायचे. हिवाळ्यात सकाळी लवकर निघालो की वारा अंगावरून करवत फिरवल्यासारखा जायचा. मी आईची शाल कानावरून घट्ट बांधून बसायची आणि सगळ्या अंगात तेवढं एक कोपर गरम असायचं.

नगरचा हिवाळा कोरडा. ओठ फुटतात, टाचा फुटतात आणि लाकूड आकसतं. मोटारीत लाकूड असतं हे मला भिंगारच्या रहीमचाचांनी शिकवलं. ते टांग्यांचे टप आणि गाद्या शिवायचे. आमच्या गाडीचं कापड आणि गाद्या त्यांच्याकडेच असत. वरून पत्रा दिसला तरी या गाडीचा सांगाडा लाकडाचा होता. पावसाळ्यात तो फुगायचा आणि दारं लागता लागायची नाहीत. थंडीत आकसायचा, मग तीच दारं दात वाजवत चालायची.

“डाक्टरसाब, लाकूड हाय ते. पानी मागतं,” चाचा म्हणायचे. “उन्हाळ्यात वली गोनपाटं टाकत चला. आनि आता हिवाळ्यात घोंगडीची पट्टी लावतो दाराला. बेटीला वारं लागतंय.”

घोंगडीची काळी पट्टी त्यांनी फक्त माझ्या बाजूच्या दाराला लावली. बाबांच्या बाजूला लावायची राहिली ती राहिलीच.

दुसरी गोष्ट क्लचाची. यंत्रातलं मला फारसं कळत नाही, पण हे कळलं, कारण त्यापायी अर्धा दिवस रस्त्याकडेला बसावं लागलं. त्या गाडीच्या क्लचात बुचाचे तुकडे होते आणि ते सतत तेलात भिजलेले असावे लागत. एकदा तेल गळून गेलं, बुचं जळाली, आणि आम्ही मिरजगावच्या अलीकडे एका लिंबाखाली अडकलो. जिच्यासाठी निघालो होतो ती बाळंतीण आम्ही पोचायच्या आत सुटली, आई आणि बाळ दोघंही सुखरूप. पण बाबांनी ती धास्ती घेतली. नंतर गाडीखाली तेलाचा ठिपका दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. ते अंगणात पालथे पडून गाडीच्या पोटाखाली बोट फिरवून बघत. रोग्याचं पोटही ते इतक्या मन लावून तपासत नसतील.

लढाई संपली. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मी आणि बाबा चाचांकडे गेलो, तर त्यांच्या दारात आमचीच गाडी उभी! मी खरंच मागे वळून आमची कुठे गेली ते पाहिलं. तोच बिल्ला, तेच नाक, तीच चाकं. रंग तेवढा लाल. तिच्याशेजारी एक उंच, चष्मेवाला तरुण कापडाचं छप्पर हातात धरून उभा होता आणि छपरातून गळालेलं पाणी त्याच्या बाहीतून जात होतं. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात तो इंजिनिअर होता. गाडी लढाईनंतर निघालेली, मुंबईहून नवी कोरी आणलेली. पुढे हाच माझा नवरा झाला, पण तेव्हा मला तो फक्त भिजलेला दिसला.

बाबांनी नमस्कारसुद्धा केला नाही. सरळ नव्या गाडीच्या पायरीशी उकिडवे बसले.

“पट्ट्या दोनच?” त्यांनी विचारलं. आमच्या गाडीच्या पायरीवर रबराच्या तीन पट्ट्या होत्या.

“आतली जागा वाढवलीय ना,” इंजिनिअर म्हणाला, “तेवढी पायरी कमी झाली.”

“म्हणजे बसायला जास्त, पाय ठेवायला कमी.”

“एकदा बसलं की पायरी कोण बघतं, डॉक्टर?”

“उतरताना बघावी लागते,” बाबा म्हणाले.

मग दोघं पावसात एका गाडीकडून दुसरीकडे जात राहिले. आमच्या गाडीचं इंजिन खर्जात बोलायचं आणि सावकाश तापायचं. नवीचा आवाज वरचा, आणि तिला घाई. आमच्या गाडीच्या बॅटऱ्या दोन, मागे आसाजवळ लपवलेल्या. नवीला एकच, पुढे, झाकण उघडलं की हाताशी. नवीत बसून पाहिलं तर आतली रुंदी चार बोटं जास्त. चाचा दोन्हींच्या गाद्या दाबून म्हणाले, “गादी नवीची बरी. लाकूड आपल्या जुनीचं.” बाबांचा चेहरा कधी नव्हे तो फुलला होता. इतकं सलग बोलताना मी त्यांना किती दिवसांनी पाहत होते! मला त्या तरुणाचा आधी थोडा राग आला आणि मग आला नाही.

तो पुढे येतच राहिला. पावसाळ्यात साखर कारखाना बंद असतो, त्यामुळे वेळ होता. निमित्त गाड्यांचं. आमच्या अंगणात दोन्ही गाड्या शेजारी लावून ते दोघं तासन् तास आतबाहेर करीत आणि मी चहा देत असे. कधीतरी माझ्या लक्षात आलं की चहा घेताना त्याची नजर गाडीकडे नसते. बाबांच्या लक्षात माझ्याही आधी आलं असावं. त्यांनी पत्रिका मागवली, ती जुळली, आणि दिवाळीच्या सुमारास तो आपल्या मामांना घेऊन बोलणी करायला येणार असं ठरलं.

मला तो आवडत होता. मला नको होतं ते एवढंच की आमच्या गाडीतली डावी जागा रिकामी पडावी. दुसरं कुणी नव्हतं. भाऊ नव्हता, बहीण नव्हती. मी गेले की बाबा त्या रस्त्यांवर एकटे, शब्दही न बोलता जाणार आणि येणार, हे मला डोळ्यांपुढे दिसायचं आणि हातातलं काम थांबायचं.

बोलण्यांच्या दिवशी पोहे गार झाले. कांदा काळा पडला. दुपार उलटली तेव्हा आळीच्या तोंडाशी घुंगरं वाजली, आणि पाहते तर दोन पांढरे बैल लाल मोटारीला ओढत आणताहेत! मोटारीत सुकाणू धरून इंजिनिअर, पुढे बैलांचा मालक, आणि मागून धुळीनं माखलेली पगडी सावरत पायी मामा.

“विळदच्या घाटात बसली व्हती,” बैलवाला सांगू लागला. “लई वरडती, पर जाग्यावरनं हलंना. म्हनलं, पाव्हनं, आता बैलंच जुपावी लागत्यात.”

मामा घाट पायी चढून आले होते. ते पाणीसुद्धा न घेता म्हणाले, “सुरुवातीलाच हे. हा काय शकुन म्हणायचा?”

इंजिनिअर कोट काढून गाडीखाली गेला. बाबाही त्याच्या शेजारी आडवे झाले. थोडा वेळ खालून चाचपण्याचे आवाज आले. इंजिनिअरच्या हातात एक लहानशी लाकडी खुंटी होती, कडुनिंबाची, चिंधी गुंडाळून नीट तासलेली. ती निघाली तसं भोकातून काळं तेल भळाभळा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आलं.

बाबा उभे राहिले. इतके कसनुसे झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

“मामासाहेब,” ते म्हणाले, “ती खुंटी माझी. मागच्या खेपेला गाडी इथं उभी होती, तेव्हा या भोकातून तेल ठिबकताना दिसलं. माझ्या गाडीचं असंच तेल जाऊन क्लच जळाला होता. पाहुण्यांना वाटेत त्रास नको म्हणून मी बुजवलं. सांगितलं नाही, म्हटलं उगाच उपकार कशाला दाखवायचा.”

नव्या गाडीचा क्लच कोरडा असतो. इंजिनातून झिरपलेलं तेल त्याला लागू नये, बाहेर पडून जावं, म्हणून तिथं मुद्दाम भोक ठेवलेलं असतं. खुंटीमुळे ते तेल आत साठलं आणि क्लच घसरायला लागला. जुन्या गाडीवर जीव असलेला माणूसच ही चूक करू जाणे. ज्याला गाडीतलं काही कळत नाही त्याला ते भोक दिसलंसुद्धा नसतं.

मामा काही बोलणार तोच इंजिनिअर म्हणाला, “मामा, शकुन नाही तो. तेल आहे.” मग बाबांकडे वळून, सदऱ्याला हात पुसत, अगदी सहज म्हणाला, “तुमच्या गाडीत ते आत राहायला हवं, माझ्या गाडीत ते बाहेर जायला हवं. एवढाच फरक, डॉक्टर. पोहे आहेत का?”

ती खुंटी त्यानं फेकली नाही. कोटाच्या खिशात टाकली. हे मी दाराआडून पाहिलं.

त्या काळी मुलीला विचारायची रीत नव्हती. बाबांनी विचारलं. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ते अंगणात आमच्या गाडीच्या पायरीवर बसले होते.

“काय कळवू त्यांना, कुमे?”

“गाडीचं कोण बघणार?”

“रहीम आहे की.”

“आणि वेग कोण सांगणार?”

बाबा थोडे हसले. “इतक्या वर्षांत कानाला कळतो गं. डोळे मिटून सांगेन पस्तीस झाले ते.”

“खरंच?”

“खरंच.”

मग मी हो म्हटलं. त्या वेळी मला तो शब्द खरा वाटला होता, की मला तो खरा वाटून घ्यायचा होता, हे मला आजही सांगता येत नाही.

वैशाखात लग्न झालं आणि मी लाल गाडीत डावीकडे बसून विळदचा घाट उतरले. नवी गाडी खरंच गुळगुळीत चालायची. दारं वाजत नव्हती, वारा कमी लागत होता. राहुरी मागे पडेपर्यंत मला काय चुकतंय ते कळेना. मग कळलं, कोपराला कोपर लागत नव्हतं. चार बोटं.

समोरच्या तबकडीवर काटा चढत होता. सवयीनं तोंडातून गेलं, “बेचाळीस.”

“माहीत आहे,” हे हसून म्हणाले. “इंजिनाचे फेरे कळले की वेग कळतो, साधा गुणाकार आहे. तू मजेत बाहेर बघ.”

मायेनंच म्हणाले ते. मी बाहेर बघत बसले. नांगरलेली रानं होती, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग तो हिवाळा आला, कारखान्याचा पहिला हंगाम. गाळप सुरू झालं की साखर कारखान्यातला इंजिनिअर घरचा राहत नाही. यांची पाळी कधी पहाटेची, कधी दुपारची, आणि यंत्र अडलं की दोन पाळ्या एकामागून एक. घरी येत ते झोपायला. मी दार लोटून, बांगड्या वर सरकवून, आवाज न करता वावरायची. भोंगा वाजला की दचकायची. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांवर चिपाडाच्या धुराची काजळी बसायची, ती झटकायची. मळीचा आंबूस गोड वास उशीलासुद्धा यायचा. बाजूच्या बंगल्यांतल्या बायका चांगल्या होत्या, पण त्यांना मुलंबाळं होती, आणि मला त्यांच्यात काय बोलावं सुचत नसे. मला आकडे सांगायची सवय; गप्पा मारायची नव्हती.

लाल गाडी छपरीत ताडपत्रीखाली उभी असे. तिला बाहेर काढायला कुणाला वेळ होता? एका दुपारी मी ताडपत्रीचा कोपरा उचलून आत शिरले आणि डाव्या जागेवर बसले. आत हिरवट अंधार होता. समोर तबकडी, काटा शून्यावर. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. बाबा आता कुठल्या रस्त्यावर असतील, काटा कितीवर असेल, असं काहीतरी मनात येत होतं. मग भोंगा झाला आणि मी पदरानं डोळे पुसून चहा टाकायला गेले. पुढे मी रोजच तिथे बसायला लागले. यांना हे कधी कळलं नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी त्याच बिल्ल्याची आणखी नवी गाडी निघाली. यांनी मला मासिकातलं चित्र दाखवलं होतं. दोन्ही तबकड्या आता हाकणाऱ्याच्या पुढ्यात. “ही खरी सुधारणा,” हे म्हणाले होते, आणि ते बरोबरच होतं. माझी नजर मात्र डावीकडच्या फळीवर गेली. तिथं काहीच नव्हतं.

पण मी त्या हिवाळ्याचं सांगत होते. ज्वारी हुरड्यात आली तेव्हा बाबांचा निरोप आला, मिरजगावच्या रस्त्यावर एका रोग्याच्या मळ्यात हुरड्याला बोलावलंय, येतेस का. यांना सुटणं शक्य नव्हतं. “तू जा,” म्हणाले, आणि झोपेत असल्यासारखे मला कोपरगावच्या स्टेशनावर सोडून परत कामावर गेले.

नगर स्टेशनाबाहेर हिरवी गाडी उभी होती. बाबा जरा वाळले होते. डाव्या जागेवर औषधाची पेटी होती, ती त्यांनी घाईघाईनं उचलून मागे ठेवली. गादीत पेटीच्या चारही कोपऱ्यांचे खड्डे उमटले होते. मी त्यावरच बसले. गावातली गर्दी आणि मांडीवर माझी पिशवी, त्या गडबडीत मी तबकडीकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हुरड्याला निघालो. आईची शाल बाबांनी कपाटातून काढून ठेवली होती. ऊन कोवळं होतं, दोन्ही बाजूंना ज्वारी छातीएवढी उभी, कणसांत दूध भरलेलं, आणि पाखरं हाकणाऱ्यांचे लांबून हाकारे येत होते. गाडीची दारं दात वाजवत होती. घोंगडीची पट्टी माझ्या बाजूला तशीच होती. कोपराला कोपर लागलं. मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटून घेतले.

“किती?” बाबांनी विचारलं.

मी डोळे उघडले. तबकडीच्या काचेवर धूळ होती, बरीच, बोटानं रेघ ओढता येईल एवढी. ती पुसली. काटा शून्यावर होता. मी बोटानं टकटक केलं. गाडी चालली होती, बाभळी मागे जात होत्या, आणि काटा शून्यावरच होता. चाकाच्या फिरण्यावर चालणारी एक तार त्या तबकडीपर्यंत आलेली असते. ती तुटली होती. कधी तुटली होती कुणास ठाऊक. पावसाळ्यात असेल, वैशाखातही असेल. त्या बाजूला बघायला कुणी नव्हतंच. बाबांच्या पुढ्यातली तबकडी इंजिनाचे फेरे दाखवत होती, आणि डावीकडे पेटी होती.

मागून सायकलची घंटी वाजली. मिरजगावकडचा एक दूधवाला शहरात दूध घालून परत चालला होता. रिकाम्या किटल्या खडखडवत तो आमच्या बरोबरीला आला आणि काही वेळ आमच्या शेजारूनच चालला.

“रामराम डाक्टर! लेक आली जनू?”

“आली, आली!” बाबा ओरडून म्हणाले.

“लई ब्येस झालं!” असं म्हणून त्यानं दोन पायडलं जोरात मारली आणि तो आमच्या पुढे निघून गेला. किटल्यांचा आवाजही लांब गेला. मी बाबांकडे पाहिलं. सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरून, मान जराशी पुढे काढून, कान देऊन ते गाडी हाकत होते. आकडा सांगणारं कुणी नसलं की माणूस सावकाश जायला लागतो, आणि किती सावकाश हे त्याचं त्याला कळत नाही. मागे एकही बाटली वाजत नव्हती. मी शाल कानावरून पुन्हा घट्ट बांधली.

“अगं, किती?”

“पस्तीस,” मी म्हटलं. “बरोबर पस्तीस, बाबा.”

त्यांचं कोपर मला हळूच ढोसून गेलं.

“म्हटलं नव्हतं तुला?” बाबा म्हणाले. “कानाला कळतो.”